सावलीची बढती

अर्ज कसा भरावा हे या जगात दोनच माणसांना कळतं. एक मी, आणि दुसरा मला अजून भेटलेला नाही. सव्वीस वर्षं हेडक्लार्क आहे, पण माझा एकही कागद शेरा मारून परत आलेला नाही. त्यामुळे मेहुण्याच्या तबेल्याची कागदपत्रंही मीच बघतो. म्हणजे आधी फक्त तेवढंच बघत होतो.

मेहुणा शर्यतीच्या घोड्यांचा ट्रेनर. तबेल्यात जागा आठ घोड्यांची, पण घोडी एकच. कागदावर तिचं नाव भलतंच लांब आहे, पण सगळे तिला सावली म्हणतात, कारण पुढे जो कोणी असेल त्याच्या मागे मागे ती इमानदारीत पळते. त्याला ओलांडून जाणं तिच्या स्वभावातच नाही. ज्या घोड्यांनी एकही शर्यत जिंकलेली नाही त्यांची शर्यत वेगळी असते, आणि जिंकलेल्यांची वेगळी. सावली अकरा वेळा न जिंकलेल्यांत पळाली आणि तिथेही आठवी-नववी आली.

तिच्या मालकीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी मेहुण्याला समोर उभं केलं आणि सांगितलं, "मोसमातली ही शेवटची संधी. पहिल्या चारात आली तर राहील तुमच्याकडे. नाही आली तर माझ्या भाच्याच्या बागेत पाठवीन, तिथे गवत खाईल सुखाने."

मेहुण्याचं तोंड एवढंसं झालं. सावलीला त्याने शिंगरू असल्यापासून वाढवलेलं, आणि ती गेली की तबेल्याला कुलूप. जीव माझाही टांगणीला लागला, कारण बायकोने भावाला परस्पर सांगून टाकलं होतं, "काळजी करू नकोस, इकडेच ये राहायला. बाहेरची खोली तुझीच." बाहेरच्या खोलीत माझी आरामखुर्ची असते. शिवाय मेहुणा झोपेत घोड्यांना हाका मारतो.

अर्ज द्यायच्या दिवशी मी शर्यतीच्या ऑफिसात गेलो आणि फळ्यावरच्या याद्या नीट वाचल्या. इतकी वर्षं याद्याच वाचतोय मी. न जिंकलेल्यांच्या शर्यतीत तेरा नावं लागली होती, जिंकलेल्यांच्या शर्यतीत फक्त चार. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. चौदात चौथं यायचं तर दहा जणांना मागे टाकायला हवं. पाचात चौथं यायला एकच पुरे! न जिंकलेल्या घोड्याने वरच्या शर्यतीत जाऊ नये असा नियम कुठेही नाही, हेही मी तपासलं. मी तिथल्या तिथे अर्ज भरला.

खिडकीतल्या कारकुनाने अर्ज दोनदा पाहिला. "साहेब, ही घोडी कधीच जिंकलेली नाही."

"माहीत आहे."

"आणि हे चौघे नुसते जिंकतच आलेत."

"तेही माहीत आहे," मी म्हणालो आणि किंचित हसलो. ते हसणं मला नडलं.

मेहुण्याला सांगितल्यावर तो चाऱ्याच्या पोत्यावर मटकन बसला. "दाजी, अहो काय केलंत हे? ते चौघे वाऱ्यासारखे पळतात. ही त्यांची धूळ खात येईल."

"येऊ दे ना. कोणाला तरी अपचन होईल, कोणी अडखळेल. पाचात एक तरी ढिला निघतोच, आमच्या ऑफिसात बघ."

"अर्ज मागे घ्या."

"घेतो. पण न जिंकलेल्यांच्या शर्यतीची मुदत दुपारी बाराला संपली."

यावर तो जो गप्प झाला तो दोन दिवस कोणाशी बोललाच नाही.

इकडे त्या कारकुनाने माझं हसू चार ठिकाणी सांगितलं. न जिंकलेली घोडी एकदम वरच्या वर्गात घातलीय, म्हणजे नक्की काहीतरी आहे! बाकीचे ट्रेनर एकेक करून तबेल्यात डोकावू लागले. मेहुणा तोंड उघडेना. माशा फार झाल्या म्हणून त्याने सावलीच्या दाराला चादर बांधली होती, तर म्हणे घोडी लपवून ठेवलीय. सकाळी ती सरावात रमतगमत आली, तर म्हणे मुद्दाम दाबून पळवतोय.

त्यातल्या एका ट्रेनरने मला चहाच्या टपरीवर गाठलं. "तुम्ही घरचेच. खरं सांगा, घोडी कशी आहे?"

"मी काय सांगणार? मी फक्त कागदपत्रं बघतो," मी म्हणालो. अगदी खरं तेच बोललो होतो हो, पण त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

दुसऱ्या दिवशी एका घोड्याला खोकला झाला. दुपारपर्यंत दुसऱ्याचा पाय दुखू लागला. न जिंकलेल्या घोडीकडून हरलो तर मालकाला तोंड काय दाखवायचं, या भीतीने तिसऱ्या आणि चौथ्या ट्रेनरनेही नाव मागे घेतलं. मी फळ्यापाशी गेलो तर यादीत एकटी सावली. याला वॉकओव्हर म्हणतात. घोडीने जॉकीला पाठीवर घेऊन शेवटच्या खांबापुढून नुसतं चालत जायचं, की जिंकली.

मी धावत तबेल्यात आलो. "अरे, चौथी काय घेऊन बसलास, पहिली आली ती!"

मेहुण्याच्या तोंडचं पाणी पळालं. "एकटी? दाजी, तिच्या पुढे कोण असणार मग?"

हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.

शर्यतीच्या दिवशी मालकीणबाई आपल्या शाळेतल्या सात मैत्रिणींना घेऊन आल्या. माझी बायकोही आली. झेंडा पडला. सावली डौलात शंभर पावलं चालली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि थांबली. जॉकीने टाच मारली, चुचकारलं, हातापाया पडायचाच बाकी राहिला. ती ढिम्म. पुढे कोणी नाही तर जायचं कोणाच्या मागे?

पंच घड्याळ बघू लागले. "पाच मिनिटं देतो. खांब ओलांडला नाही तर शर्यत रद्द."

कठड्याशी मेहुणा डोळे पुसत होता. मला खरंच कसंतरी झालं. त्याच्या घोडीची वाट माझ्या अक्कलहुशारीने लावली होती. मी फाईल बायकोच्या हातात दिली आणि कठड्याखालून आत शिरलो.

"ओ साहेब, बाहेर व्हा!" पंच ओरडले.

"नियम अठरा बघा," मी म्हणालो. "मैदानात दुसरा घोडा नसावा. हेडक्लार्कबद्दल काही लिहिलेलं नाही."

ते पुस्तक उघडून बघेपर्यंत मी सावलीच्या पुढे जाऊन चालू लागलो. मागे टापा वाजल्या. मी वेग वाढवला, तिनेही वाढवला. मग मी पळू लागलो. इस्त्रीची पँट, ऑफिसचे बूट, पोट आपल्या तालात हलतंय आणि मानेवर घोडीचा गरम श्वास. लोक आरडाओरडा करत होते. खांब जवळ आल्यावर मी बाजूला व्हायचं, एवढं साधं काम होतं. पण सव्वीस वर्षांत कधी पळालो नव्हतो, त्यामुळे थांबायचं कसं ते आठवेना. मी खांब ओलांडला आणि माझ्या मागोमाग, एक मानभर अंतराने, सावली.

एकटीच शर्यतीत होती, तरी दुसरी आली.

पंचांनी पुस्तक मागून पुढून वाचलं आणि नाइलाजाने तिला विजयी ठरवलं. मेहुणा सावलीच्या गळ्यात पडून रडला. मालकीणबाई म्हणाल्या, "घोडी तुमच्याकडेच राहील." बायको फाईलने मला वारा घालत म्हणाली, "अहो, लग्नापासून पहिल्यांदा कशात तरी पहिले आलात."

पण जिंकल्यावर एक भानगड झाली. जिंकलेल्या घोड्याला न जिंकलेल्यांत परत जाता येत नाही, हा नियम मी त्या दिवशी वाचला. सावली आता कायमची वरच्या वर्गात. पुढच्या मोसमातल्या पहिल्या शर्यतीत सहाजण होते, ती सहावी आली. पाचव्याचं खोगीर उतरवून झालं तेव्हा ही पोचली. मेहुणा घाबरत घाबरत मालकीणबाईंकडे गेला, तर त्या मैत्रिणींना अभिमानाने सांगत होत्या, "आमची घोडी हल्ली फक्त जिंकलेल्यांबरोबर पळते."

मला वाटलं, सुटलो. काल मेहुण्याचा फोन आला.

"दाजी, उद्या सकाळी साडेपाचला मैदानावर या. सावलीचा सराव आहे, आणि ती तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्या मागे पळायला तयार नाही."

"अरे, पण माझे गुडघे..."

"आणि दाजी, जरा वेग वाढवा. आता जिंकलेल्यांशी गाठ आहे आपली."