बोलकं मशीन

शनिवारी सकाळी इंजिनिअरने घरच्या वॉशिंग मशीनचं पाठीमागचं झाकण काढून आत ऑफिसचा सर्किट बोर्ड बसवला, तेव्हा बायकोने एकच प्रश्न विचारला.

"उद्या कपडे धुता येतील ना?"

"उद्या ते तुझ्याशी बोलेल."

"मी धुण्याबद्दल विचारतेय."

कंपनीने ठरवलं होतं की यापुढे मशीनने नुसतं पीं पीं करायचं नाही, माणसासारखं बोलायचं. आवाज वाजवणारी एक लायब्ररी इंटरनेटवर फुकट मिळत होती, पण ती मोठ्या कॉम्प्युटरसाठी लिहिलेली. ती क्रॉस-कंपाइल करायची, म्हणजे लॅपटॉपवर बसून मशीनमधल्या नखाएवढ्या चिपला समजेल अशी करायची, एवढंच काम. साहेबांनी 'एवढंच' म्हटलं तेव्हाच इंजिनिअरने शनिवार-रविवारचे बेत रद्द केले होते.

त्यातच सासरे मुक्कामाला आलेले. निवृत्त मुख्याध्यापक. संध्याकाळी माजी विद्यार्थी त्यांचा सत्कार करणार होते. आपला जावई नेमकं करतो काय, हे त्यांना लग्नापासून कळलेलं नव्हतं.

"लायब्ररीचं काम चाललंय, बाबा."

"पुस्तकं कुठायत?"

"पुस्तकं नाहीत. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले प्रोग्रॅम असतात. कुणीही वापरावेत."

"म्हणजे कॉपी."

"त्यांच्या परवानगीने, बाबा."

"परवानगीने केली तरी कॉपीच," सासरे म्हणाले आणि चहा घेऊन जवळ खुर्ची ओढून बसले.

मशीनला आवाज हवा होता. बायको म्हणाली, "बाबांचा घे ना. उच्चार बघ कसले स्वच्छ आहेत." सासऱ्यांनी आढेवेढे घेतले, घसा खाकरला आणि मोबाइलसमोर उभं राहून म्हटलं, "कपडे धुऊन झाले आहेत. कृपया दार उघडा." मग 'कृपया'तला 'कृ' मनासारखा आला नाही म्हणून पुन्हा म्हटलं. मग पुन्हा.

कंपाइल करायला घेतल्यावर लॅपटॉपने लाल अक्षरांत तक्रारींचा पाऊस पाडला. हे फंक्शन सापडत नाही, ते फंक्शन सापडत नाही. मोठ्या कॉम्प्युटरवर एकेका कामाचे हे तुकडे आयते मिळतात, चिपवरच्या चिमुकल्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे त्यातलं काहीच नव्हतं. इंजिनिअरने बरंचसं नीट लिहून काढलं. शेवटी 'बोलणं संपलं का?' असं विचारणारं एक फंक्शन उरलं. त्याला भूक लागली होती. त्याने त्या नावाचं एक रिकामं फंक्शन लिहून टाकलं. लॅपटॉप गप्प झाला.

पहिल्या चाचणीत मशीन बोललं, पण दुप्पट वेगाने आणि चिरक्या आवाजात.

"हा मी?" सासरे ताडकन उठले. "हा उंदीर आहे!" उठताना कपातला चहा पँटवर सांडला.

इंजिनिअरने वेग दुरुस्त केला. आवाज अडखळू नये म्हणून बोलण्याच्या कामाला सगळ्यात वरचा नंबरही देऊन टाकला. या सिस्टिमचा नियम कडक होता: वरच्या नंबरचं काम संपल्याशिवाय खालच्याला पाळी नाही. नवा प्रोग्रॅम चढवून तो जेवायला गेला, आल्यावर बटण दाबलं. मशीन घुर्र करून फिरलं, थांबलं आणि खणखणीत आवाजात म्हणालं, "कपडे धुऊन झाले आहेत. कृपया दार उघडा."

"वा!" सासरे दारात येऊन म्हणाले. त्यांनी कमरेला टॉवेल गुंडाळला होता.

"कपडे धुऊन झाले आहेत. कृपया दार उघडा," मशीन पुन्हा म्हणालं.

"बाबा, तुमची पँट?"

"आत आहे. मशीन मोकळंच दिसलं, टाकली. सत्काराला तीच घालायची आहे, दुसरी आणलीच नाही."

इंजिनिअरने दार ओढलं. दार हललं नाही. "कृपया दार उघडा," मशीन म्हणालं.

त्याने प्लग काढला. आवाज थांबला, पण आत पाणी असताना दार उघडायचं नाही, हा सुरक्षेचा नियम त्यानेच लिहिलेला होता. प्लग लावला. मशीनला सगळं आठवत होतं. "कपडे धुऊन झाले आहेत..."

"अरे, उघड उघड म्हणतोस आणि धरून बसतोस!" सासरे स्वतःच्याच आवाजावर ओरडले.

तेवढ्यात साहेबांचा व्हिडिओ कॉल आला. "क्लायंट समोरच बसलेत. दोन मिनिटं मशीन ऐकव."

नाही कसं म्हणणार? इंजिनिअरने कॅमेरा फिरवला. पडद्यावर मशीन आलं, आणि मशीनवर थापा मारणारे, टॉवेलमधले सासरे.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"सर, हे... आपले व्हॉइस आर्टिस्ट."

"मूर्खा, सोड पँट!" आर्टिस्ट म्हणाले.

"कृपया दार उघडा," मशीन म्हणालं.

"आवाज हुबेहूब आहे हो!" क्लायंट खूश झाले. "पण मशीन उलट उत्तर देतं की काय?" इंजिनिअरने नेटवर्क गेल्याचं नाटक करून फोन बंद केला.

बायको इतका वेळ दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "त्याला आपलं बोलणं संपलंय हे कुणी सांगितलंय का?"

इंजिनिअरने कपाळावर हात मारला. ते रिकामं फंक्शन! लायब्ररी बिचारी दर वेळी विचारत होती, संपलं का? रिकाम्या फंक्शनचं उत्तर ठरलेलं, नाही. की पुन्हा पहिल्यापासून सुरू. आणि पाणी सोडणं, दार उघडणं ही कामं खालच्या नंबरावर ताटकळत बसलेली. त्याने फंक्शन नीट लिहिलं, दाराला वरचा नंबर दिला, कंपाइल करून पुन्हा चढवलं. पाणी गळगळ वाहून गेलं, खट्ट आवाज झाला आणि दार उघडलं. मशीन एकदाच बोललं आणि गप्प बसलं.

पँट बाहेर आली ती चिंब. शेवटी सासरे जावयाची पँट घालून सत्काराला गेले. ती घोट्याच्या वर राहत होती, पण हार घालणाऱ्यांचं लक्ष वरच होतं.

भाषणात त्यांनी सगळी हकीकत सांगितली. टॉवेल तेवढा गाळला. "अडून बसलेलं यंत्र माझ्या जावयांनी माझ्या डोळ्यांदेखत ताळ्यावर आणलं!" ते म्हणाले. टाळ्या पडल्या. इंजिनिअरचे कान लाल झाले.

कार्यक्रम संपताच एक आडदांड माजी विद्यार्थी समोर येऊन उभा राहिला. "सर म्हणाले, मशीन दुरुस्त करता. आमचं आठवडाभर पाणीच सोडत नाही. उद्या येता का बघायला?" त्याच्या मागे आणखी चौघं-पाचजण उभे होते.

"अहो, मी दुरुस्ती करत नाही. मी सॉफ्टवेअरमधला, रिअल-टाइम सिस्टिमचं..." इंजिनिअरने सुरुवात केली. मग त्याची नजर स्टेजकडे गेली. गळ्यात हार, आखूड पँट, आणि सासरे शेजारच्या माणसाला त्याच्याकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होते. लग्न झाल्यापासून त्यांनी त्याच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

तो पुन्हा त्या विद्यार्थ्याकडे वळला.

"फिल्टर साफ करून पाहिलात का?" तो म्हणाला.