शिंपल्यांच्या टेकाडाची हकीकत

श्रीसमुद्रनारायण प्रसन्न. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी, मंगळवार, सूर्योदयानंतर चार घटका. ते समयीं कोळवाड्याजवळील टेकाडात घेतलेला खड्डा नऊ हात खोल गेला आणि राजवाडा लागला नाही. शिंपले लागले.

त्याचे कारण ऐसे जे, सरकारस्वारींच्या मनीं आले की आपल्या मूळपुरुषाचा वाडा या टेकाडाखाली असावा, आणि तेथे स्मारक करावे, आणि त्यासाठी शेजारची चाळीस घरे उठवावी. परंतु राज्याचा कायदा ऐसा की जो आधी वसला त्याची जागा. मग खातरजमेस मातीच्या थरांच्या जाणकार रेवतीबाई चेऊलकर नेमिल्या. बाईंनी थर पाहिले: शिंपले, चुलीची राख, जाळ्याची मातीची वजने, वर लाटेने आणलेली वाळू, आणि पुन्हा शिंपले. ऐसे सात वेळां. सातदा समुद्राने वस्ती बुडविली आणि सातदा लोक परतून कालवे खाते झाले. मग बाईंनी तळचे शिंपले वय काढण्यास परमुलखीं धाडिले आणि दरबारीं लिहिले की वाडा नाही, कोळ्यांचीच जुनी वस्ती दिसते.

त्यावर कारभारी नागोपंत जातीने आले, खड्ड्यात डोकावले आणि वदले, "एवढी कालवे! ही तर मेजवानी. राजवाड्याविना एवढी मेजवानी कोण घालतो?"

काठावर चांगुणाबाय कोळीण टोपली घेऊन उभी होती. चाळिसांतले पहिले घर तिचे. ती म्हणाली, "मेजवानी कसली, पंतानु! पावसान दर्यावं होऱ्या बंद, घरान मासली नाय, तवा आमी काठच्या खडपावं कालवां फोरताव. भुकेचा ढीग हाय तो."

"बाये, दरबारी कामात बोलू नये."

"बरं, नाय बोलत," ऐसे म्हणोन तिने टोपली खड्ड्यात रिकामी केली. कारण कोळवाड्याचा रिवाज ऐसा की सासूने टरफले टाकली तेथेच सुनेने टाकावी.

पंतांनी त्यातील एक शिंपला उचलविला, हुंगला आणि चिटणिसास सांगितले, "लिहा. टेकाडातून ओला शिंपला निघाला, सबब टेकाड कालचे."

रेवतीबाई म्हणाल्या, "पंत, तो आत्ता तुमच्यासमोर टाकला!"

"म्हणूनच म्हणतो. आम्ही डोळ्यांनी पाहिले. तुमचे थर पडताना तुम्ही तेथे होता काय?"

मग हुकूम सुटला की टेकाड हा कालचा केर, सबब तो भट्टीत भाजून चुना करावा आणि त्याच चुन्याने स्मारकाचा पाया भरावा. भट्टी पेटली आणि गाड्या लागल्या. बाईंनी मधला एक मातीचा खांब, ज्यात सातही थर दिसतात, तोडू दिला नाही आणि त्यास पाठ लावून बसल्या. चांगुणाबायने तेथेच भाकर आणून दिली आणि विचारले, "त्या परमुलखाच्या कागदावं आमचं नाव येल ना गो बाय?"

बाई म्हणाल्या, "नाव नाही येत. किती वर्षांपासून, ते येतं."

"तवरं पुरे."

तात्पर्य इतकेच: टेकाडाचे तिहींतले दोन हिस्से भाजले, तो खांब शिल्लक. चाळीसही घरे उभी, दारांवर नोटिसा. पौष शुद्ध द्वितीयेस शिंपल्यांचे वय सांगणारा लखोटा दरबारीं पोचला आणि तो पायाभरणीनंतर उघडावा ऐसे ठरले. पायाभरणी दशमीस. आज नवमी. लखोटा बंद आहे, आणि सकाळी चांगुणाबाय खांबाच्या पायथ्याशी टोपली ओतून गेली.