पद्मजाच्या वाढदिवसाची जिन

भगवानरावांनी माझं कधी काही वाईट केलेलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

ते आमचे शेजारी. बँकेतून निवृत्त झालेले, केस अजून काळे (रंगवलेले, मी जवळून पाहिले आहेत). दिवाळीनंतर त्यांनी घरी छोटी पार्टी दिली आणि मोबाइलवर बघून एक पेय केलं. संत्र्याचा रस, डाळिंबाचे दाणे, पुदिना, सोडा आणि प्रत्येक ग्लासात चमचाभर जिन. "नावापुरती हं, वहिनी," असं म्हणत त्यांनी माझ्या बायकोच्या, पद्मजाच्या, हातात ग्लास दिला. मला वाटलं ती परत करेल. पण ती त्यांच्या क्रोटनच्या कुंड्यांपाशी उभी राहून बराच वेळ बायकांशी गप्पा मारत राहिली, रिकामा ग्लास आणून ठेवला आणि म्हणाली, "किती सुंदर!"

मग दुसरा घेतला.

माझ्या हातच्या चहाला ती त्रेचाळीस वर्षं "बरा आहे" म्हणत आली आहे. घरी आल्यावर मी मुद्दाम आलं, वेलची घालून चहा केला. तिनं घोट घेतला. "बरा आहे."

तिथेच मी ठरवलं. शनिवारी पद्मजाचा सत्तरावा वाढदिवस होता. तसलंच पेय मी करणार आणि "किती सुंदर" हे दोन शब्द मिळवणार. खरं तर जिल्ह्यात या कामाला माझ्याइतका लायक माणूस शोधून सापडला नसता. माझी पीएच.डी. अल्कोहोल आणि पाण्याच्या मिश्रणांवर आहे. (एक थेंबही न चाखता मिळवलेली. प्रबंध आजवर तिघांनी वाचला, त्यातला एक मी.)

अडचण एकच. जिन आणायची कुठून? चौकातला दुकानदार माझा विद्यार्थी. त्याच्या वर्गाला मी व्यसनमुक्तीवर सलग दोन तास व्याख्यान दिलं होतं. त्याच्यासमोर जाऊन बाटली मागणं मला या जन्मी शक्य नव्हतं. शेवटी मी पुंडलिकरावांना फोन केला. नेरजवळ पद्मजाच्या वडिलांकडून आलेली शेती आहे, ती ते बटईनं, म्हणजे निम्म्या पिकाच्या वाट्यावर, करतात. यंदाचा कापूस अजून घरात भरून ठेवलेला होता. तो कधी विकायचा हे पद्मजा ठरवते. मला त्यात कोणी विचारत नाही.

पद्मजा आत भाजी निवडत होती, म्हणून मी हळू आवाजात सुरुवात केली.

"पुंडलिकराव, एक नाजूक काम आहे. मला जिन पाहिजे."

"आता बोल्ले सर तुमी! मी कवाचा म्हून राह्यलो. कोनती पाह्यजे?"

(मी चकित झालो. हा माणूस सुपारीसुद्धा खात नाही अशी माझी समजूत होती.)

"मला त्यातलं कळत नाही. चांगली कोणती?"

"नेरात दोन हायेत. एक नवी, एक जुनी."

"जुनी घ्या. यात जुनं केव्हाही उत्तम."

"जुनीत कचरा लय राह्यते, सर."

"गाळून घेऊ की."

ते हसले. मला वाटलं, माझ्या शास्त्रीय दृष्टिकोनाचं कौतुक करताहेत.

"शनिवारी सहाला पार्टी आहे," मी म्हणालो.

"पार्टी घरी येनार?"

"घरीच. एकूण नऊ."

"नऊ पार्ट्या!" त्यांच्या आवाजात एकदम आदर आला. "मंग त भाव चढनारच, सर!"

भाव चढणं हाच तर माझा हेतू होता. इतक्या दूर बसून या माणसानं माझं मन कसं ओळखलं याचं मला नवल वाटलं.

"फक्त पद्मजाला यातलं अक्षरही कळता कामा नये."

"ताईले नाही सांगाचं?"

"अजिबात नाही. सरप्राइज आहे."

"बरं," ते म्हणाले. पण ते 'बरं' मला जरा ओढल्यासारखं वाटलं.

शनिवारी दुपारपासून मी स्वयंपाकघरात कोंडून घेतलं. संत्री सोलली, पिळली, रस दोनदा गाळला, प्रयोगशाळेतून निवृत्तीच्या दिवशी भेट मिळालेल्या मोजपात्रानं मोजला. प्रत्येक ग्लासात डाळिंबाचे अकरा दाणे. (दहा दरिद्री वाटले, बारा उधळे.) पुदिन्याची तीन पानं. आता फक्त जिन यायची होती.

सहाला पाहुणे आले. साडेसहा झाले. भगवानराव आत डोकावून गेले. "काय प्रोफेसर, प्रयोग कुठवर?" मी हसलो. ते हसू कसं दिसलं असेल याची मला कल्पना आहे.

पावणेसातला फाटक वाजलं. पुंडलिकराव आले. सोबत पांढऱ्या सफारीतला एक धिप्पाड गृहस्थ. पुंडलिकरावांच्या हातात काही नव्हतं. गृहस्थांच्या हातातही काही नव्हतं.

मी धावत बाहेर गेलो. "आणली का?"

"आनली म्हंजे? हे काय, उभे हायेत ना! हे डोंगरसिंगभाऊ. जुन्या जिनचे मालक."

डोंगरसिंगभाऊंनी हात जोडले. "नमस्कार सर. माल कुठं हाय? अन् बाकीच्या पार्ट्या?"

वाचकहो, आमच्याकडे कापसातली सरकी काढण्याच्या कारखान्याला जिन म्हणतात आणि माल घेणाऱ्या व्यापाऱ्याला पार्टी. यवतमाळच्या शेंबड्या पोराला हे माहीत असतं. मी इथे सत्तेचाळीस वर्षं राहतो आहे.

"हळू बोला," मी कसाबसा म्हणालो. पण पुंडलिकराव मला ओलांडून सरळ दिवाणखान्यात गेले, नऊ पाहुण्यांच्या मधोमध उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, "ताई, माफ करा. सर म्हने तुमाले सांगू नोका. पन कापूस तुमचा हाय. तुमाले न सांगता इकाचा, हे मले नाही जमत!"

पद्मजानं माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही माझा कापूस विकत होतात?"

"नाही गं! मी जिन मागवली होती."

"हे तेच म्हणताहेत."

"प्यायची! सरबतात घालायची!"

आधी भगवानराव हसले. मग सगळे. डोंगरसिंगभाऊ तर खुर्ची धरून हसले. "सर, माह्या जिनात फक्त रुई अन् सरकी भेटते!"

हसणं ओसरल्यावर भगवानराव माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "काळजी नको, माझी बाटली अर्धी आहे. आणतो."

त्यांची बाटली! माझ्या पेयात!

"काही गरज नाही," मी ताठ होऊन म्हणालो. "आमचं पेय जिनशिवायच असतं."

आत जाऊन जिनची उणीव मी आल्याच्या रसानं भरून काढली. (किती, ते मोजलं नाही. कारकीर्दीत प्रथमच.) बाहेर येतो तर पद्मजा आणि डोंगरसिंगभाऊ दोघं कोपऱ्यात बसून कापसाचा सौदा पुरा करत होते. "किती सरळ बोलता हो तुम्ही!" ती त्यांना म्हणत होती. (मला हे कधी म्हणालेली नाही. आज तर म्हणण्यासारखंही काही नव्हतं.)

मी ग्लास वाटले. भगवानरावांना ठसका लागला, त्याचं मला वाईट वाटलं नाही. पद्मजा ग्लास घेऊन मागच्या अंगणात वारा खायला गेली. परत आली ती रिकामा ग्लास घेऊन. सर्वांसमोर, भगवानरावांसमोर, ती म्हणाली, "किती सुंदर!"

आणि दुसरा ग्लास उचलून पुन्हा अंगणात गेली.

सगळे गेल्यावर मला राहवलं नाही. "खरं सांग, माझं चांगलं की भगवानरावांचं?"

"त्यांचं मी कुठे प्यायले? दोन्ही ग्लास त्यांच्या क्रोटनला घातले."

"अगं, पण तू 'किती सुंदर' म्हणालीस!"

"अहो, तोंडावर काय सांगणार?"

मी इतका आनंदलो की ग्लास स्वतः विसळले. बिचारे भगवानराव! मला त्यांच्याविषयी प्रथमच माया वाटली.

सकाळी पद्मजानं पोह्यांसाठी कढीपत्ता आणायला सांगितला. मी शीळ घालत मागच्या अंगणात गेलो. कढीपत्त्याच्या कुंडीला मुंग्यांची रांग लागली होती. मातीत पुदिना होता. आणि डाळिंबाचे दाणे.

मी चष्मा पुसला, खाली बसलो आणि मोजले. बावीस होते.

म्हणजे दोन ग्लास. भगवानरावांशी बरोबरी तरी झाली.