लाल डोक्याचं बदक

शनिवारी दुपारी दोन वाजता संग्रहालयाच्या बाई बदक बघायला येणार होत्या. सकाळी दहाला एल्मर डाइझ न्हाव्याकडून केस कापून घरी परतला, तेव्हा बैठकीतल्या फळीवर एकही बदक नव्हतं.

"नॅडीन! माझी बदकं कुठायत?"

"बोंबलू नकोस," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "काल फळी पुसली ना मी. ओली होती, म्हणून पोत्यात घालून बाहेर ओसरीवर ठेवलीत."

एल्मरने ओसरीवरच्या पोत्यात हात घातला आणि हाताला थंडगार प्लॅस्टिक लागलं. हे पोतं मेहुण्याचं, वेंडेलचं होतं. क्रिसफील्ड गावातले शिकारी प्लॅस्टिकची खोटी बदकं दोरीला बांधून पाण्यावर सोडतात. ती बघून खरी बदकं खाली उतरतात. वेंडेल आपलं पोतं बहिणीच्या ओसरीवर ठेवायचा आणि पहाटे उचलून न्यायचा. आज पहाटे त्याने शेजारचं पोतं उचललं होतं.

त्या पोत्यात एल्मरने तीस वर्षं जमवलेली सहा लाकडी बदकं होती, गावातल्या जुन्या कारागिरांनी हाताने कोरलेली. त्यातलं लाल डोक्याचं बदक तर शंभर वर्षांपूर्वीचं आहे, असं विकणारा म्हणाला होता. कागदपत्र काहीच नव्हतं. "एल्मरला कुणीतरी नवं बदक मातीत घोळवून विकलंय," असं धक्क्यावरचे लोक त्याच्या तोंडावर म्हणत. आज बाईंनी बदक प्रदर्शनासाठी निवडलं असतं, तर सगळ्यांची तोंडं बंद झाली असती.

"फोन कर ना त्याला!" नॅडीन म्हणाली.

"शिकारीला जाताना तो फोन गाडीत ठेवतो. बदकं बिचकतात म्हणे!"

एल्मरने शेजाऱ्याची होडी घेतली आणि घरातल्या चपलांवरच खाडीत शिरला. दोनेक तास वल्ही मारल्यावर गवताच्या आडोशाला बसलेला वेंडेल दिसला.

"अरे हळू! किती आवाज करतोस!" वेंडेल कुजबुजला. "आज काय बदकं आणलीयत मी! इतकी भारी माझ्याकडे होती हे मलाच ठाऊक नव्हतं."

"तुझी नाहीयेत ती! माझी आहेत, गाढवा!"

वेंडेलने पाण्याकडे पाहिलं, मग एल्मरकडे. त्याचा चेहरा उतरला. दोघांनी भराभर दोऱ्या ओढल्या. पाच बदकं वर आली. सहावी दोरी नुसतीच आली.

"लाल डोक्याचं?"

"अंधारात बांधलेली गाठ सुटली असेल," वेंडेल पुटपुटला. "तिकडे बघ, त्या थव्यात."

लांब पाण्यावर वीसेक बदकं निवांत तरंगत होती, सगळी लाल डोक्याची. एल्मर एकटाच होडी घेऊन निघाला. जवळ जाताच थवा फडफडून उडाला आणि एक बदक तिथेच राहिलं. मागून वेंडेलने सवयीने बंदूक उचलली.

"गोळी झाडू नकोस!" एल्मर दोन्ही हात पसरून होडीत उभा राहिला. होडी डुचमळली आणि तो कमरेइतक्या गार पाण्यात पडला. बंदूक काही वाजली नाही. एल्मरने बदक छातीशी धरलं. त्याला रडू येतंय की थंडी वाजतेय, ते त्यालाच कळेना.

घरी पोचायला अडीच वाजले. संग्रहालयाच्या मिस हेल स्वयंपाकघरात खेकड्यांचं सूप पीत होत्या. दारात एल्मर निथळत होता आणि त्याच्या काखेत बदकही निथळत होतं.

"मॅडम, चूक झाली," तो म्हणाला. "हे पाण्यात गेलं. सकाळपासून तरंगत होतं."

बाईंनी चमचा खाली ठेवला. "तरंगत होतं? सरळ?"

"सरळ म्हणजे? खरी बदकं येऊन बसली होती त्याच्याशेजारी!" वेंडेल मागून म्हणाला. "गोळी झाडणार होतो मी. कुठलं खरं नि कुठलं खोटं, तेच कळेना."

"मिस्टर डाइझ, यंदा मी अशी चार बदकं परत पाठवलीत," बाई म्हणाल्या. "नुसती फळीवर ठेवायला केलेली. पाण्यात सोडली की कलंडतात. तुमच्या बदकाबद्दलही मला शंका होती. पण हौशी माणसाला 'बदक पाण्यात टाका' म्हणायचं कसं? मागे एकाने मला घराबाहेर काढलं होतं. मला एकदा डोळ्यांनी बघायचंय. घरात टब आहे?"

न्हाणीघरात चौघं दाटीवाटीने उभी राहिली. बाईंनी बदक पाण्यात सोडलं आणि बोटाने आडवं केलं. ते झटकन सरळ झालं. पुन्हा आडवं केलं, पुन्हा सरळ. मग त्यांनी ते उलटं करून पोटाला तोलासाठी ठोकलेलं शिसं नि झिजलेला रंग बराच वेळ न्याहाळला.

"हे पाण्यासाठीच केलेलं आहे आणि चांगलं जुनं आहे," त्या म्हणाल्या. "प्रदर्शनात हेच पहिलं लावू."

एल्मरने इतका मोठा श्वास सोडला की आरशावर वाफ धरली. त्याला सटासट चार शिंका आल्या.

"मला आता गरम पाण्यात बसू द्या," तो म्हणाला.

"थांब जरा," नॅडीन त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकत म्हणाली. "बाईंना फोटो काढायचेत."

एल्मर बाहेर जाऊन दाराला टेकून उभा राहिला. दात वाजत होते, चपलांमध्ये चिखल होता. आतून वेंडेल बाईंना सांगत होता, "जरा डावीकडून घ्या मॅडम, तिकडून जास्त रुबाबदार दिसतं." एल्मरला मात्र कसलीच घाई नव्हती.