अठरा पायऱ्यांचं बिऱ्हाड

सन १९५३ च्या दिवाळीनंतर रत्नागिरीच्या निवासव्यवस्था कचेरीच्या निदर्शनास असे आले, की बंगलेआळीतील एक कुटुंब दोन मजल्यांवर राहत आहे. बाब गंभीर होती. शहरात जागेची टंचाई होती, बदलून आलेले अधिकारी खाणावळीच्या खाटांवर दिवस काढत होते, आणि इकडे एक माणूस जेवायला खाली उतरत होता आणि झोपायला वर चढत होता.

हा माणूस म्हणजे माझे शेजारी मन्सूरभाई. तीस वर्षं बोटीवर नोकरी करून ते परत आले आणि पत्नी नसीमाभाभींसह या घरात राहू लागले. घर म्हणजे एका इमारतीची डावी बाजू. उजव्या बाजूला मी, आप्पा मास्तर, आणि आमची दमयंती. लढाईच्या आधी एका हौशी व्यापाऱ्याने मुंबईहून नकाशा आणून ही इमारत बांधली. जांभ्याच्या भिंती, वरून गुळगुळीत गिलावा, खाली रंगीत फरशी, वर खाडी दिसणारी गॅलरी. प्रत्येक बाजूला एकच बिऱ्हाड. खाली दिवाणखाना आणि स्वयंपाकघर, वर झोपायच्या खोल्या, आणि मध्ये घराच्या पोटातून वळण घेत जाणारा अठरा पायऱ्यांचा सागवानी जिना. आळीत कुणाकडे पाहुणा आला की त्याला आधी हा जिना दाखवायला आणत, मग समुद्र.

तर कचेरीने घरोघर एक नमुना वाटला. त्यात 'राहता मजला' असा रकाना होता आणि त्यात एकच शब्द मावत होता. मी 'तळ' असं लिहून मोकळा झालो. सरकारला रकान्याएवढंच उत्तर द्यावं, हे मी शाळाखात्यात पस्तीस वर्षं काढून शिकलो होतो. मन्सूरभाई पडले बोटीवरचे. त्यांनी समासात शिरून लिहिलं, 'खाली आणि वर, दोन्ही.' समासात लिहिण्याची पूर्वपरवानगी त्यांनी घेतलेली नव्हती.

आठ दिवसांत उत्तर आलं. एक इसम एका वेळी एकाच मजल्यावर असू शकतो. सबब उरलेला मजला रिकामा समजावा किंवा कसे, याची समक्ष पाहणी व्हावी.

पाहणीला इन्स्पेक्टर महिपतराव आले. माणूस स्वभावाने गरीब. नियमाबाहेर जाऊन त्यांनी कुणाचं वाईट केल्याचं ऐकिवात नाही. पंचनाम्याला एक साक्षर, प्रतिष्ठित पंच लागतो म्हणून त्यांनी मला बोलावलं. आमच्या आळीत पंच होणं हा मान आहे. मी कोट चढवला आणि त्यांच्याबरोबर मन्सूरभाईंकडे गेलो. दुपारचे साडेबारा झाले होते. आम्ही वर जाऊन सगळ्या खोल्या पाहिल्या, कुणी नव्हतं. खाली आलो तर नवराबायको सुरमईची आमटी आणि भात खात होती.

"वरती कोण नाय, कारण आमी खाली जेवताव," मन्सूरभाई म्हणाले.

"कारणाला रकाना नाही," महिपतराव म्हणाले आणि लिहू लागले: वरचा मजला रिकामा आढळला.

मी सही केली. वर कुणी नव्हतं ही गोष्ट खरी होती, आणि खऱ्या गोष्टीवर सही करायला मी आयुष्यात कधी कचरलो नाही. नसीमाभाभींनी मलाही एक तुकडी वाढली. ती मी खाल्ली.

मन्सूरभाईंनी हरकतीचा अर्ज केला. कचेरी काही अन्यायी नव्हती. तिने लगेच फेरपाहणी मंजूर केली, आणि पहिल्या वेळेबद्दल तक्रार होती म्हणून वेळ बदलून दुपारची अडीच ठेवली. कोकणात दुपारी अडीचला जो जागा असतो तो एकतर आजारी असतो किंवा सरकारी. आम्ही गेलो तेव्हा खाली शुकशुकाट होता. चूल सारवलेली, ताटं पालथी. वर दोघं गाढ झोपली होती. महिपतरावांनी त्यांची झोप न मोडता लिहिलं: तळमजला रिकामा आढळला. मी चपला हातात घेऊनच सही केली.

परतताना महिपतरावांचा चेहरा उतरलेला होता.

"आप्पा, वरचा मजला रिकामा, खालचाही रिकामा. मग ही माणसं राहतात कुठं?"

"तो प्रश्न कचेरीचा," मी म्हणालो. पंचाने आपल्या पायरीने राहावं, असं माझं मत आहे.

तिसऱ्या पाहणीची नोटीस आली तेव्हा नसीमाभाभींनी तोड काढली. सकाळपासून मन्सूरभाई वर बसले, भाभी खाली बसल्या. आता कुठलाच मजला रिकामा नव्हता. महिपतरावांनी दोन्ही ठिकाणी डोकावून पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला.

"म्हणजे ही दोन बिऱ्हाडं झाली. एक पुरुषाचं, एक बाईचं. नमुना तर एकाच कुटुंबाचा आहे. कुटुंब कुठंय?"

भाभींना काही कळेना. त्यांनी खालून हाक मारली, "अवो, जरा येताव काय? साहेब कायतरी इचारतायत." मन्सूरभाई वरून उतरू लागले, भाभी खालून चढू लागल्या, आणि नवव्या पायरीवर दोघांची गाठ पडली. महिपतरावांनी सुटकेचा श्वास टाकला. कुटुंब जिन्यात आढळले. माझी सही तिथेच, कठड्यावर कागद ठेवून झाली.

हुकूम निघाला तो कुणालाही मान्य व्हावा असा. कुटुंबाचा प्रत्यक्ष रहिवास जिन्यात असल्याने जिना त्यांच्याकडेच कायम करण्यात येत आहे. रिकामा वरचा मजला बदलून आलेल्या एका साहेबांना देण्यात येत आहे. रिकामा तळमजला वाढत्या कामामुळे खुद्द निवासव्यवस्था कचेरीला लागणार आहे. कुटुंबाने पायऱ्यांवर सामान ठेवून साहेबांच्या येण्याजाण्यास अडथळा करू नये. खाली एक टीपही होती: पायऱ्या अठरा आणि माणसं दोन, म्हणजे माणशी नऊ, हे प्रमाण सध्याच्या टंचाईत समाधानकारक आहे.

मी अभिनंदन करायला गेलो. खरंच गेलो, हुकमात त्यांच्या बाजूने काहीतरी लागलं होतं. मन्सूरभाई सहाव्या पायरीवर बसले होते, भाभी वळणावर स्टोव्ह पेटवत होत्या. खाली दिवाणखान्यात कारकून टेबलं लावत होते.

"आप्पा, बोटीवर निजायला फळ्या असतात, ठावं हाय?" मन्सूरभाई म्हणाले. "एकावर एक. तीस वर्सं मी खालच्या फळीवर निजलो. वरती दुसरा. तो कूस वळला की माझ्या तोंडावर धूळ पडायची. तवाच ठरवलंवतं, घर घेईन तर खालीपण मी आणि वरतीपण मी. माझ्या डोक्यावर कोणाचा पाय नको. या जिन्यासाठी घर घेतलं मी."

 वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "जिना तर तुमच्याकडेच राहिला ना." तेवढ्यात वरून साहेब उतरू लागले, आणि मन्सूरभाईंनी उठून भिंतीला पाठ लावून त्यांना वाट दिली. साहेबांचे बूट त्यांच्या डोक्यावरून, मग खांद्याजवळून, मग गुडघ्याजवळून गेले. दिवसातून आठदहा वेळा जात असावेत.

घरी येऊन मी हे दमयंतीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तुम्हाला माहीत नव्हतं होय, ती दोघं कुठे राहतात ते?"

"मला फक्त आढळलं काय तेवढंच विचारलं होतं."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलली नाही.

माघात एके दिवशी महिपतराव माझ्या दारात उभे राहिले. साडेबाराची वेळ, मी पानावर बसलेलो. त्यांच्या हातात माझाच नमुना होता आणि रकान्यात माझ्याच वळणदार अक्षरात 'तळ' लिहिलेलं होतं.

"आप्पा, वरचा मजला तुम्ही तर मागितलेलाच नाही," ते अदबीने म्हणाले. "एकदा पाहून घेतो. वर कुणी आहे?"

"कसं असेल, आम्ही दोघं इथं जेवतोय," मी म्हणालो, आणि पुढचं उत्तर मला त्यांच्याआधी पाठ होतं.

ते वर जाऊन आले. कुणी नव्हतं. आता पंच हवा. आळीतला साक्षर, प्रतिष्ठित, माहितगार शेजारी म्हणून त्यांनी मन्सूरभाईंना बोलावून आणलं. मन्सूरभाईंनी कागद दोनदा वाचला.

"वरती कोण नाय, ता खरं?"

"खरं," महिपतराव म्हणाले.

"असंल. पण मी सही करणार नाय."

"खरं असूनही? कारण काय?"

"आप्पा या घरात वर-खाली दोनीकडं राहतात, ता मला ठावं हाय." कागद त्यांनी परत दिला आणि ते आपल्या पायरीवर गेले.

मला ते मन्सूरभाईंच्या बाबतीत तीनदा ठाऊक होतं. जेवण तसंच राहिलं. दमयंतीने पान उचललं, आणि तिच्याकडे मान वर करून पाहण्याची माझी हिंमत झाली नाही.

महिपतराव मात्र अडचणीत आले. पंचाशिवाय पंचनामा नाही आणि आळीत तर कुणी सहीला तयार होईना. शेवटी त्यांनी कचेरीचं परिपत्रक काढून दाखवलं. पंच शेजारीच असला पाहिजे असं नाही. तो साक्षर असावा, चार लोकांत मान असलेला असावा, प्रकरण त्याला पहिल्यापासून ठाऊक असावं, आणि तीनही पाहण्यांच्या वेळी हजर असून त्याने एकदाही हरकत घेतलेली नसावी. असा कुणी माझ्या माहितीत आहे का, असं त्यांनी विचारलं.

विचारल्यावर खोटं कसं सांगू? आपण पहिल्या ओळीपासून इथं आहात. वाचता येतं, मान असणारच. माणशी नऊ पायऱ्यांचा हिशेब आला तेव्हा आपण हसलात, असं मला वाटतं, पण हरकत काही घेतली नाहीत. मी आपलं नाव दिलं आहे. महिपतराव उद्या आपल्याकडे कागद घेऊन येतील. ते फार काही विचारणार नाहीत. साडेबाराला आप्पांच्या वरच्या मजल्यावर कुणी होतं का, एवढंच विचारतील. आणि कुणी नव्हतं, हे आपल्याला ठाऊक आहे.