टाकी क्रमांक सात, मंजूर नमुन्याप्रमाणे

वाइन बनवणाऱ्या त्या कंपनीत कोणतीही वाइन कथेशिवाय बाटलीत भरता येत नसे. नियमपुस्तिकेच्या बाराव्या कलमात तसे स्वच्छ लिहिले होते: ‘ज्या मालास कथा नाही, तो माल तयार झालाच नाही असे समजण्यात यावे.’ हे कलम आले तेव्हा तळघरातल्या लोकांना वाटले, वरच्या मजल्यावरचे हे एक नवे खूळ आहे, चार महिन्यांत उतरेल. पण वर्षभरात तिथे स्वतंत्र कथा विभाग उघडला, त्याला तीन खोल्या आणि एक मऊ सोफा मिळाला, आणि एवढी जागा काढायची म्हणून प्रयोगशाळा जिन्याखाली हलवण्यात आली. जिन्यावरून कोणी धावत गेले की खाली परीक्षानळ्या वाजत.

तळघराच्या प्रमुखांना सगळे मास्तर म्हणत. बावीस वर्षे ते टाक्या आणि पिंपे हुंगत आले होते. त्या वर्षी टाकी क्रमांक सातमध्ये जी लाल वाइन उतरली, तशी मास्तरांच्या हातून आजवर उतरली नव्हती. ग्लास नाकाशी नेला की आधी नुकत्याच चुरडलेल्या पानांचा वास येई, घोट घेतला की पिकलेल्या चेरीचा गर, आणि गिळल्यावर बराच वेळ जिभेच्या कडेला एक शहाणा कडवटपणा रेंगाळत राही. पहिल्यांदा चाखली तेव्हा मास्तर शिडीवरच बसून राहिले. त्या दिवशी घरी जाऊन ते बायकोला म्हणाले, “ही एक बाटलीत गेली ना, की मी उद्या निवृत्त व्हायला तयार आहे.”

“गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतात,” बायको म्हणाली.

“गेल्या वर्षी मी खोटं बोलत होतो.”

अडचण एवढीच होती की सहा आठवड्यांत नवी द्राक्षे येणार होती आणि त्यासाठी टाकी रिकामी हवी होती. तोवर मंजुरी मिळाली तर वाइन बाटल्यांत जाणार. न मिळाल्यास तेरावे कलम लागू होणार, म्हणजे व्हिनेगरवाल्यांचा टँकर येणार. मास्तरांनी लगोलग कथा विभागाकडे अर्ज केला.

कथा अधिकारी बाई पूर्वी गाद्यांच्या कंपनीत होत्या. तिथे त्यांनी एका गादीला बालपण दिले होते आणि त्याबद्दल त्यांना पारितोषिकही मिळाले होते. त्यांनी मास्तरांना सोफ्यावर बसवले. मास्तर त्यात इतके खोल गेले की त्यांना समोरचे टेबल दिसेना.

“बोला मास्तर. ही वाइन कशी झाली?”

“द्राक्षं चांगली आली. वेळेवर तोडली. टाकी दोनदा धुतली. मग थांबलो.”

“थांबलात! कुणाची वाट बघत?”

“आंबण्याची.”

बाईंनी वहीत ‘प्रतीक्षा’ असे लिहून खाली रेघ मारली. “घरात कुणी द्राक्षमळेवाले?”

“कुणी नाही. आजोबा पोस्टात होते. तिकिटांवर शिक्के मारायचे.”

“डोळ्यांनी कसे होते?”

“चष्मा होता.”

“म्हणजे दृष्टी अधू,” बाई लिहिता लिहिता म्हणाल्या. “आणि शिक्के मारून मारून हाताला स्पर्शाची जाण आलेली. मास्तर, एवढं सोनं घरात असताना तुम्ही टाकी धुतल्याचं काय सांगत बसलात?”

चार दिवसांनी कथा तयार झाली. तीत मास्तरांचे आजोबा जन्मांध होते. ते नुसत्या बोटांनी द्राक्षाची जात ओळखत, आणि मरतेवेळी त्यांनी नातवाच्या मुठीत वेलीची एक काडी ठेवून प्राण सोडला होता. मास्तरांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, “पण बाई, आजोबा दारूला शिवत नसत. वाइनच्या दुकानावरून जायचं झालं तर रस्ता ओलांडायचे.”

“आंधळा माणूस एकटा रस्ता ओलांडायचा?” बाईंनी सुस्कारा सोडला. “ते दुसऱ्या वाइनला ठेवू.”

प्रस्तावासोबत आजोबांचे ना-हरकत पत्र जोडायचे होते, किंवा ते हयात नसल्यास तसा दाखला. बायकोने ट्रंक उपसून दाखला काढला, कथेचा कागदही वाचला आणि कंबरेवर हात ठेवले. “आंधळे? अहो, निवृत्तीच्या वेळी पोस्टानं त्यांना घड्याळ दिलं होतं. मला यायला पाच मिनिटं उशीर झाला तर ते बघून ऐकवायचे! मेल्या माणसाचे डोळे काढता, लाज नाही वाटत?”

लाज वाटत होती. पण टाकीचे चार आठवडे उरले होते. मास्तरांनी सही केली.

मग फोटो निघाला. खरी लाल वाइन फोटोत काळीकुट्ट दिसते, हे त्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असते. म्हणून फोटोवाल्याने नव्या लेबलाच्या पहिल्याच बाटलीत कोरा चहा भरला, रंगासाठी बीटाचा रस पिळला आणि वर बूच ठोकले. फोटो सुरेख आला. बाटली कथा विभागाच्या कपाटात गेली आणि लेबलांची पुढची छपाई मंजुरी येईपर्यंत थांबवण्यात आली.

चव समितीची बैठक महिन्याअखेरीस भरली. समितीत तिघे होते. अध्यक्ष एक निवृत्त सचिव, वर्तमानपत्रात खाण्यापिण्यावर लिहिणाऱ्या एक बाई, आणि मालकांचे व्याही. मास्तर सात नंबरची बाटली फडक्यात गुंडाळून घेऊन गेले, तर दारावरच्या कारकुनाने ती काढून घेतली.

“बिनलेबलची आहे ही. नमुना लेबलासकट द्यायचा असतो. तो आतमध्ये आलाय.”

“मग माझं काय काम?”

“ओतायचं. बोलायचं नाही. उत्पादन विभागाला बैठकीत बोलता येत नाही.”

आत कथा अधिकारी बाईंनी कथा वाचायला घेतली. नियमच होता, आधी कथा, मग घोट. काडीपाशी आल्यावर त्यांचा आवाज कापला, व्याह्यांनी रुमाल काढला, आणि मास्तरांनी बूच काढले. आवाज आला नाही. वास आला, आणि तो कपाटात शिळ्या झालेल्या कोऱ्या चहाचा होता.

मास्तरांच्या डोळ्यांपुढे फोटोवाला आला, बीट आले, सगळे लख्ख झाले. तोंड उघडावे तर बैठक तहकूब, पुढची चाळीस दिवसांनी, आणि टँकर पंधरा दिवसांनी. मास्तरांनी नाक चोळले आणि हिशेब केला: नमुना कशाचाही असो, मंजुरी तर टाकी सातलाच मिळणार. एकदा शिक्का बसला की बाटल्यांत जाणार ती आपलीच वाइन. त्यांनी तीन ग्लासांत चहा ओतला आणि मागे भिंतीला टेकून उभे राहिले.

“अक्रोडाचं लाकूड,” लिहिणाऱ्या बाई डोळे मिटून म्हणाल्या.

“पावसात भिजलेलं,” अध्यक्ष म्हणाले.

“भिजून वाळलेलं,” बाईंनी दुरुस्ती केली.

व्याह्यांनी पुन्हा रुमाल काढला. मग ते म्हणाले, “मला तर आजोबांची बोटं लागली.”

टेबलाखाली थुंकायची बादली ठेवलेली होती. मास्तरांची वाइन बावीस वर्षे लोक त्या बादलीत थुंकत आले होते, कारण जाणकार गिळत नाहीत. त्या दिवशी कोणीच थुंकले नाही, उलट व्याह्यांनी ग्लास पुन्हा पुढे केला. वाइन एकमताने मंजूर झाली.

मास्तर घरी पेढ्याचा पुडा मिळाल्यासारखे गेले. ते सुख दोन दिवस टिकले. तिसऱ्या दिवशी जिन्याखालून प्रयोगशाळेतल्या बाईंनी हाक मारली. त्या प्रामाणिक होत्या. म्हणूनच जिन्याखाली होत्या.

“मास्तर, घोटाळा झालाय. चौदाव्या कलमाप्रमाणे माल मंजूर नमुन्याशी जुळवून बघितला. तुमच्या मालात दारू सापडली.”

“वाइनमध्ये दारू असते, बाई.”

“ते मला का माहीत नाही? पण मंजूर नमुन्यात नाही. नमुन्यात बीट आहे. तुमच्यात बीटाचा मागमूस नाही. मी हे कसं पास करू?”

मास्तर तसेच जिना चढून कंपनीच्या मोठ्या साहेबांच्या खोलीत गेले आणि त्यांनी सगळे ओकून टाकले: फोटो, चहा, बीट, आपले गप्प राहणे. साहेबांनी शांतपणे ऐकले आणि उठून दार लावले.

“म्हणजे समितीला चहा कळला नाही, असं तुमचं म्हणणं आहे?”

“हो साहेब.”

“अध्यक्षांना कळला नाही?”

“नाही.”

“मालकांच्या व्याह्यांना?”

मास्तरांनी नाक चोळले.

“हे लेखी द्याल?” साहेबांनी विचारले. मग मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवून ते हळुवारपणे म्हणाले, “मास्तर, कथा मंजूर आहे, लेबल मंजूर आहे, चव मंजूर आहे. नामंजूर आहे ती फक्त तुमची वाइन. एका वाइनसाठी मी एवढ्या मंजुऱ्या मोडू?”

त्या दुपारी परिपत्रक निघाले. टाकी क्रमांक सातमधील विसंगत माल तेराव्या कलमान्वये निकाली काढावा व टाकी मंजूर नमुन्याप्रमाणे भरावी. कँटीनचा चहावाला तीस वर्षांचा अनुभव पाहून तळघरात उपप्रमुख म्हणून नेमला गेला. भला माणूस होता बिचारा. पहिल्याच दिवशी त्याने मास्तरांना दबक्या आवाजात विचारले, “साखर टाकू का हो थोडी?”

“नमुन्यात नाही,” मास्तर म्हणाले.

टँकर सकाळी आला. नळी जोडली, पंप सुरू झाला, आणि टाकीला जोडलेल्या काचनळीतली लाल रेघ उतरू लागली. मास्तरांनी टाकीच्या गार पत्र्यावर तळवा ठेवला होता. आपण त्या दिवशी तोंड उघडले असते तर निदान कशासाठी तरी हरलो असतो, हे त्यांना आता कळत होते, आणि ते कळून काही उपयोग नव्हता. रेघ तळाला गेली तेव्हा त्यांना रडू फुटले. एक बाटली तेवढी त्यांनी आठवण म्हणून भरून पिशवीत ठेवली होती; पण फाटकावर रखवालदाराने ती हुडकली. कथा नसलेला माल बाहेर नेता येत नाही, असे म्हणून त्याने नियमाप्रमाणे ती मोरीत ओतली आणि रिकामी बाटली अदबीने परत दिली.

नवी वाइन तुफान चालली. डोके दुखत नाही, ही तिची ख्याती झाली. सहा महिन्यांनी मास्तरांच्या साडूंनी जेवायला बोलावले आणि खास मास्तरांसाठी म्हणून तीच बाटली उघडली. साडूंनी चष्मा लावून बाटलीच्या मागे छापलेली कथा सगळ्यांना वाचून दाखवली. मास्तरांच्या बायकोने पदराने डोळे टिपले.

“फार सोसलं हो त्यांनी,” ती बहिणीला म्हणाली. “आंधळेपणी!”

मास्तर तिच्याकडे बघतच राहिले. साडूंनी घोट घोळवला. “अक्रोड. शंभर टक्के अक्रोड. काय मास्तर? तुमच्याच हातची आहे, तुम्ही सांगा.”

मास्तरांनी ग्लास खाली ठेवला. सगळे थांबले होते. बैठकीत जे बोलायचे राहून गेले होते, ते आता बोलून टाकू, असे त्यांनी ठरवले.

“हा चहा आहे,” ते म्हणाले. “कोरा चहा. गार झालेला.”

सगळ्यांनी आणखी एकेक घोट घेतला. मग साडूंनी टेबलावर थाप मारली. “वा! याला म्हणतात जीभ! चहाच्या पानांची झाक! मला मघापासून काहीतरी जाणवत होतं, शब्द सापडत नव्हता.” मेहुणीलाही ते जाणवले. बायकोला तर पहिल्याच घोटाला जाणवले होते. साडूंनी कंपनीला त्याच वेळी तसे कळवले, आणि पुढच्या खेपेपासून लेबलावर ‘अक्रोड, आणि मागाहून चहाच्या पानांची हलकी आठवण’ असे छापून येऊ लागले. मास्तर त्यानंतर चवीबद्दल काही बोललेले ऐकिवात नाही.

वाचकहो, साडूंना तुम्ही मनसोक्त हसला असाल, आणि टाकी सातसाठी थोडे हळहळलाही असाल. चुरडलेली पाने, पिकलेली चेरी, शहाणा कडवटपणा. एवढी चांगली वाइन टँकरमध्ये गेली! पण ती चांगली होती, हे तुम्हाला कोणी सांगितले? टाकी रिकामी झाली, शेवटची बाटली मोरीत गेली, आणि चाखलेला एकुलता एक माणूस गप्प आहे. कडवटपणा शहाणा कसा असतो, हे तुम्ही वाचताना विचारलेसुद्धा नाही. आधी कथा ऐकलीत आणि मान डोलावलीत.

अध्यक्षांच्या प्रकृतीमुळे चव समितीवर एक जागा रिकामी झाली आहे. अनुभवाची अट नाही.