फक्त ‘नाही’ म्हणणारा लॅपटॉप

सकाळी दहाला ईराने लॅपटॉप उघडला, तर तो म्हणे, विंडोजच्या काही फायली खराब झाल्या. दुपारी दोनला तिची पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा. बंद खोलीत, कॅमेऱ्यापुढे, लॅपटॉपवरच द्यायची; मोबाइल चालणार नव्हता. आणि परीक्षेचं सॉफ्टवेअर काही केल्या उघडेना.

संशय एकाच माणसावर गेला. ईराची आजी प्रेमलताबाई महिनाभर सगळ्यांना बजावत होत्या, की पोरगी बालाघाट सोडून कुठे जायची नाही.

"आजी, मी अपडेट लावून आंघोळीला गेले होते. किसीने बीच में बंद किया है."

"मंग मले काहून पाहून राह्यली? मी त्या डब्याच्या वाटेले जात नाही."

"त्याची बॅटरी कधीचीच मेली आहे," आजोबा शरदचंद्र म्हणाले. "वायर काढली की बंद. म्हणजे वायर कोणीतरी काढली."

"तुमी तहसीलीतून रिटायर झाले, पोलीस ठाण्यातून नाही."

ईराने हुकूम टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि फायली तपासायला लावल्या. टक्के चढू लागले. थोड्या वेळाने प्रेमलताबाई दारात.

"बावीसवर काहून अडकला तो?"

"तुला काय करायचंय, आजी?"

"मले काई नाही. दूध उतू जाते का पाहाले आल्ती."

स्वयंपाकघर दुसऱ्या बाजूला होतं.

शंभर टक्के झाले आणि उत्तर आलं: काही फायली सुधारल्या, काही सुधारता आल्या नाहीत. आता डिस्कच तपासायला हवी होती. ईराने तसा हुकूम दिला. लॅपटॉपने विचारलं, डिस्क सध्या वापरात आहे, पुढच्या वेळी सुरू होताना तपासू का? हो असेल तर ‘वाय’ दाबा, नाही तर ‘एन’.

ईराने ‘वाय’ दाबलं. काहीच उमटलं नाही. पुन्हा दाबलं, अंगठ्याने रेटलं. नाहीच. ‘एन’ दाबून पाहिलं, तर ते लगेच उमटलं.

"याला फक्त नाही म्हणता येतंय," ईरा रडवेली झाली.

"घरच्या माणसावर गेला," आजोबा पुटपुटले.

"आयकू आलं मले."

सव्वाबारा वाजले होते. ईराने लॅपटॉप बंद करून पालथा धरला आणि तान्ह्या पोराची पाठ थोपटावी तसा थोपटला. बटनांच्या फटीतून टेबलावर तांदळाचा एक दाणा पडला. लाल.

आजोबांनी तो चष्म्याजवळ धरला. "कुंकू लावलेला. अख्खा दाणा." मग नाकाशी नेला. "आणि चिन्नोर."

चिन्नोर तांदळाच्या डब्याची किल्ली प्रेमलताबाईंच्या कमरेला असे. तो देवाला आणि पाहुण्यांना. घरच्यांनी सणाला वास घ्यायचा.

"तू याची पूजा केली?" आजोबांनी विचारलं.

"मंग? पोरीची परीक्षा नाही का? पाणी शिंपडाचं होतं. करंटाच्या वस्तूवर कसं शिंपडू? म्हणून वायर काढली, दोन थेंब शिंपडले, अक्षता टाकल्या, वायर परत लावली. त्याचं ते अपडेटाचं जेवण चालू आहे हे मले काय ठाऊक."

"पण आजी, तू तर नको म्हणत होती."

"आताही नकोच म्हणतो. तू ते बटन दाब."

ईराने लॅपटॉप सुरू करून तोच हुकूम पुन्हा दिला. या वेळी ‘वाय’ उमटलं. लॅपटॉप पुन्हा सुरू होताना डिस्क तपासली गेली, मग फायली एकदा आणखी तपासल्या. तेवढा वेळ प्रेमलताबाई स्विचच्या बोर्डाला पाठ लावून खुर्चीवर बसल्या होत्या. आजोबांना पंखाही लावू दिला नाही. पावणेदोनला सगळं ठीक झालं, सॉफ्टवेअर उघडलं. दोनला ईराने खोलीचं दार लावलं.

"पास झाली तर?" आजोबांनी हळूच विचारलं.

"होऊ द्या. नाही म्हणासाठी मी आहोच."

आजोबा चप्पल शोधायला खाटेखाली वाकले. तिथे तोंड शिवलेली एक पिशवी होती, पाचेक किलोची. वास चिन्नोरचा. वर वाकड्यातिकड्या अक्षरांत एकच शब्द लिहिला होता: पुणे.